प्रथिनाच्या अनुक्रमातून त्याचा पेशीतील पत्ता कसा वाचावा

मानवी पेशीतील जवळजवळ प्रत्येक प्रथिनाची जुळणी पेशीद्रवातील रायबोसोमवर सुरू होते. तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) स्वतःच्या डीएनएवरून तिच्या आतच बनणारी १३ प्रथिने तेवढी याला अपवाद आहेत. एकाच ठिकाणी जन्मलेल्या या प्रथिनांपैकी इन्सुलिनला पेशीबाहेर पडायचे असते, हिस्टोनला केंद्रकात जायचे असते आणि कॅटलेज या विकराला (एन्झाइमला) पेरॉक्सिसोम या पेशीतील लहान कप्प्यात. कोणी कोठे जायचे हे त्या प्रथिनाच्या स्वतःच्या साखळीतच लिहिलेले असते, असा तर्क गुंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी १९७१ मध्ये मांडला. पुढे ब्लोबेल आणि बर्नहार्ड डोबरस्टाइन यांनी १९७५ मध्ये तो प्रयोगाने उचलून धरला, आणि याच कामासाठी ब्लोबेल यांना १९९९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एखाद्या मानवी प्रथिनाचा अनुक्रम समोर असताना हा पत्ता कसा शोधावा, हे येथे सांगायचे आहे. संगणकीय साधने आता उत्तम आहेत आणि ती वापरावीतच. परंतु आधी डोळ्यांनी वाचण्याची सवय नसेल, तर साधनाने दिलेले उत्तर कोठे फसले हे ओळखता येत नाही. वाचताना एकच शिस्त पाळावी: पेशी ज्या ओळीने वाचते त्याच ओळीने आपण वाचावे. आधी साखळीचा आरंभ, मग तिचा शेवट आणि सर्वांत शेवटी मधला भाग. बहुतेक चुका ही ओळ मोडल्यामुळे होतात.

कोणता अनुक्रम हाती घ्यावा

नेहमी पूर्ण, म्हणजे पहिल्या मेथिओनिनपासून सुरू होणारा पूर्वगामी अनुक्रम घ्यावा. युनिप्रॉट या संग्रहात तो सहज मिळतो. रक्तातून किंवा ऊतीतून शुद्ध केलेल्या प्रथिनाचा अनुक्रम येथे निरुपयोगी ठरतो, कारण संकेत पेप्टाइड, म्हणजे साखळीच्या आरंभीचा पत्ता सांगणारा तुकडा, तोपर्यंत कापले गेलेले असते. पत्र पोचल्यावर पाकीट फेकून द्यावे तसा हा प्रकार आहे. रक्तातील अल्ब्युमिनमध्ये ५८५ अमिनो आम्ले असतात, पण जनुकावरून तयार होणारी साखळी ६०९ अमिनो आम्लांची असते, आणि पत्ता त्या नाहीशा झालेल्या २४ मध्ये असतो. जुन्या लेखांत परिपक्व प्रथिनापासून मोजलेले क्रमांक असतात आणि नव्या लेखांत पूर्वगामीपासून मोजलेले, त्यामुळे एकच स्थान दोन वेगळ्या आकड्यांनी ओळखले जाते. कामाला लागण्यापूर्वी आपण कोणती मोजणी वापरतो हे कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवावे.

एकाच जनुकावरून अनेक रूपे बनत असतील, तर प्रत्येक रूपाचा आरंभ वेगळा तपासावा. आरंभीचा तुकडा एका रूपात असून दुसऱ्यात नसेल, तर एकाच जनुकाची प्रथिने दोन वेगळ्या ठिकाणी आढळतात.

पहिली ३० अमिनो आम्ले: संकेत पेप्टाइड

नेमक्या अर्थाने संकेत पेप्टाइड म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेत प्रवेश देणारा आरंभीचा तुकडा. तो सर्वसाधारणपणे १५ ते ३० अमिनो आम्लांचा असतो आणि त्यात तीन भाग ओळखता येतात. पहिल्या भागात बहुधा एखादे धनभारित अमिनो आम्ल, म्हणजे लायसिन किंवा आर्जिनिन, असते. मधला भाग ७ ते १५ जलविरोधी अमिनो आम्लांचा असतो आणि त्यात ल्युसिनची रेलचेल असते. तिसरा भाग छोटा असून त्याच्या अखेरीस साखळी कापली जाते. कापण्याच्या जागेच्या लगेच आधीच्या स्थानाला उणे १ आणि त्याच्या दोन घरे आधीच्या स्थानाला उणे ३ म्हणतात. या दोन्ही स्थानांवर अ‍ॅलनिन, ग्लायसिन, सेरीन यांसारखी लहान अमिनो आम्ले असतात, कारण मोठी पार्श्वशृंखला कापणाऱ्या विकराच्या खोबणीत मावत नाही. हा नियम गुनार फॉन हाइने यांनी १९८० च्या दशकात अनेक अनुक्रम शेजारी शेजारी ठेवून काढला.

मानवी इन्सुलिनच्या पूर्वगामीचा आरंभ एकाक्षरी संकेतांत, म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक इंग्रजी अक्षर वापरून, असा आहे: एम ए एल डब्ल्यू एम आर एल एल पी एल एल ए एल एल ए एल डब्ल्यू जी पी डी पी ए ए ए, आणि त्यानंतर एफ व्ही एन क्यू एच एल. आता पेन्सिल घ्यावी. सहाव्या स्थानावरील आर, म्हणजे आर्जिनिन, याच्याभोवती वर्तुळ काढावे, हा धनभार. सातव्यापासून सतराव्या स्थानापर्यंत अधोरेखा ओढावी. या अकरा अमिनो आम्लांत सात ल्युसिन आहेत आणि एकही भारित नाही. अठराव्या स्थानापासून ग्लायसिन आणि प्रोलिन दिसू लागतात, आणि हेलिक्स, म्हणजे साखळीचा मळसूत्री आकार, मोडणारी ही अमिनो आम्ले मधला भाग संपल्याची खूण असतात. मग २२, २३ आणि २४ या स्थानांवर तीन अ‍ॅलनिन आहेत: २४ हे उणे १, २२ हे उणे ३. कापणी २४ नंतर होते आणि २५ व्या फेनिलअ‍ॅलनिनपासून इन्सुलिनची बी साखळी सुरू होते. ११० अमिनो आम्लांच्या साखळीतून २४ गेली की ८६ अमिनो आम्लांचे प्रोइन्सुलिन उरते.

सरावासाठी अल्ब्युमिन घ्यावे: एम के डब्ल्यू व्ही टी एफ आय एस एल एल एफ एल एफ एस एस ए वाय एस, पुढे आर जी व्ही एफ आर आर, आणि मग डी ए एच के. दुसऱ्या स्थानावर लायसिन, मध्ये फेनिलअ‍ॅलनिन व ल्युसिनचा पट्टा, सोळाव्या स्थानावर अ‍ॅलनिन आणि अठराव्यावर सेरीन. म्हणजे कापणी १८ नंतर होते. येथे नवखा वाचक हमखास गोंधळतो, कारण परिपक्व अल्ब्युमिन २५ व्या स्थानापासून सुरू होते. मधली सहा अमिनो आम्ले हे संकेत पेप्टाइड नसून प्रोपेप्टाइड आहे, आणि ते नंतर, वाटेतल्या गॉल्गी संकुलाच्या टप्प्यावर, दोन आर्जिनिनांच्या पुढे कापले जाते. संकेत पेप्टाइडची कापणी लहान अमिनो आम्लांपाशी आणि प्रोपेप्टाइडची कापणी धनभारित जोडीपाशी, हा फरक मनात पक्का करावा.

इन्सुलिन आणि अल्ब्युमिन यांच्या या दोन तुकड्यांत अक्षरांचे साम्य शोधू नये. संकेत पेप्टाइड अक्षरांनी नव्हे, तर गुणधर्मांनी ओळखले जाते. १९८७ मध्ये यीस्टमधील इन्व्हर्टेज या विकराचे संकेत पेप्टाइड काढून त्याजागी मानवी डीएनएचे यादृच्छिक तुकडे जोडून पाहिले गेले, आणि त्यांपैकी सुमारे एक पंचमांश तुकड्यांनी प्रथिन पेशीबाहेर पाठवण्याचे काम कमीअधिक प्रमाणात केले. त्यामुळे दोन प्रथिनांचे आरंभ जुळवून साम्य मोजण्याची पद्धत येथे लागू पडत नाही.

गुणधर्म का पुरतात, हे वाचणाऱ्या यंत्रणेकडे पाहिल्यावर कळते. साखळीची सुमारे ३० ते ४० अमिनो आम्ले रायबोसोमच्या बोगद्यात झाकलेली असतात. जलविरोधी पट्टा बोगद्याबाहेर येताच संकेत ओळखणारा कण त्याला पकडतो. एक आरएनए आणि सहा प्रथिने मिळून हा कण बनतो, आणि त्यातील एसआरपी५४ या प्रथिनात मेथिओनिनांनी अस्तर लावलेली एक लवचीक खोबण असते. मेथिओनिनच्या पार्श्वशृंखला सहज वाकतात, म्हणून खोबणीत बसणारा तुकडा पुरेसा जलविरोधी असला की त्याचे नेमके रूप कोणतेही चालते. कणाने पट्टा पकडल्यावर साखळीची वाढ मंदावते, रायबोसोम आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलावर पोचतो आणि उरलेली साखळी सेक६१ या मार्गिकेतून आत ओवली जाते. हे सगळे प्रथिन पूर्ण होण्यापूर्वीच घडते, आणि आरंभाला वाचनात पहिला मान याचमुळे मिळतो.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. जलविरोधी पट्टा १८ ते २५ अमिनो आम्लांइतका लांब असेल आणि त्याच्या अखेरीस कापण्याची जागा दिसत नसेल, तर ते संकेत पेप्टाइड नसून पटलात रुतून बसणारा नांगर असण्याची शक्यता मोठी असते. असे प्रथिन त्याच मार्गिकेपर्यंत जाते, पण सुटे होत नाही. ट्रान्सफेरिन ग्राहकाचा पट्टा असाच न कापला जाणारा असतो.

आरंभीच दुसरा पत्ता: तंतुकणिका

जलविरोधी सलग पट्टा सापडला नाही, तर त्याच आरंभाकडे दुसऱ्या दृष्टीने पाहावे. तंतुकणिकेच्या आतील कक्षात जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांच्या आरंभी १५ ते ५० अमिनो आम्लांचा तुकडा असतो. त्यात आर्जिनिन अधिक असतात, अ‍ॅस्पार्टिक व ग्लुटामिक आम्ल जवळजवळ नसतात, आणि जलविरोधी अमिनो आम्ले एका ठिकाणी न साचता विखुरलेली असतात.

यकृतातील युरिया चक्राचे विकर ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज हे याचे स्वच्छ उदाहरण आहे. त्याची पहिली ३२ अमिनो आम्ले अशी: एम एल एफ एन एल आर आय एल एल एन एन ए ए एफ आर एन जी एच एन एफ एम व्ही आर एन एफ आर सी जी क्यू पी एल क्यू. यात ६, १५, २३ आणि २६ या स्थानांवर चार आर्जिनिन आहेत. डी किंवा ई, म्हणजे वर सांगितलेली दोन आम्ले, यांपैकी एकही नाही. एल आणि एफ पुष्कळ आहेत, पण एन आणि आर त्यांना सतत तोडतात, त्यामुळे इन्सुलिनसारखा सलग पट्टा तयार होत नाही.

विखुरलेपणाला अर्थ आहे की नाही, हे हेलिक्सचे चक्र काढून पाहता येते. कागदावर वर्तुळ काढावे आणि प्रत्येक पुढचे अमिनो आम्ल मागच्यापासून १०० अंशांवर मांडावे, कारण अल्फा हेलिक्सचा एक वेढा ३.६ अमिनो आम्लांचा असतो. पंधरा ते अठरा अमिनो आम्ले मांडून झाल्यावर धनभारित एका बाजूला आणि जलविरोधी दुसऱ्या बाजूला गोळा झालेली दिसली, तर तंतुकणिकेचा संशय बळावतो. या दोन्ही बाजूंना काम आहे: जलविरोधी बाजू बाह्यपटलावरील टॉम२० या ग्राहकात बसते, आणि आतल्या पटलाच्या आतील बाजूस असलेला ऋणभार धनभारित तुकड्याला आत ओढतो. आत गेल्यावर हा तुकडाही कापला जातो. तंतुकणिकेची सर्वच प्रथिने असा आरंभ बाळगत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. तिच्या पटलांतील अनेक प्रथिनांचे संकेत साखळीच्या आत दडलेले असतात.

मग शेवटची चार अक्षरे

आरंभ वाचून झाल्यावरच शेवटाकडे वळावे, कारण शेवटाचा अर्थ आरंभावर अवलंबून असतो. बीआयपी आणि कॅलरेटिक्युलिन ही प्रथिने के डी ई एल या चार अक्षरांनी संपतात. हा आंतर्द्रव्यजालिकेत राहण्याचा संकेत आहे. प्रथिन चुकून गॉल्गी संकुलापर्यंत वाहत गेले, तर तेथील ग्राहक त्याला पकडून परत आणतो. हा ग्राहक पोकळीच्या आतल्या बाजूस असतो. म्हणून ज्या प्रथिनाला संकेत पेप्टाइडच नाही, त्याच्या शेवटी हीच चार अक्षरे असली तरी ती वाचायला कोणी भेटत नाही. साखळीच्या मध्यावर ती आढळली तर त्यांना काहीच अर्थ नसतो.

पेरॉक्सिसोमचा संकेत तीन अक्षरांचा आहे: एस के एल, किंवा त्याच्याशी मिळतेजुळते. काजव्याच्या ल्युसिफरेज या विकरात तो १९८० च्या दशकात सापडला. मानवी कॅटलेजचा शेवट थोडा वेगळा, ए एन एल असा आहे, आणि तो तुलनेने क्षीण मानला जातो. पेक्स५ हे ग्राहक प्रथिन पेशीद्रवात पूर्ण झालेल्या, घडी पडलेल्या प्रथिनाचे हे शेपूट पकडते. येथे उलट तपासणी करावी: शेवटी एस के एल आहे, पण आरंभी पक्के संकेत पेप्टाइडही आहे, असे असेल तर प्रथिन पूर्ण होण्यापूर्वीच आंतर्द्रव्यजालिकेत गेलेले असते आणि पेक्स५ ला ते भेटतच नाही.

लयकारिकेचा पत्ता मात्र अशा अक्षरांत शोधू नये. तिच्या विकरांना संकेत पेप्टाइड असते, आणि पुढे गॉल्गी संकुलात त्यांच्या शर्करेवर मॅनोज-६-फॉस्फेट ही खूण उमटवली जाते. ती खूण प्रथिनाच्या घडीच्या पृष्ठभागावरून ठरते, सरळ ओळीतील अक्षरांवरून नाही. खूण उमटवणारे विकर निकामी झाले तर आय-सेल हा आजार होतो आणि लयकारिकेची विकरे पेशीबाहेर सांडतात. त्यांच्या संकेत पेप्टाइडमध्ये कोणताही दोष नसतो, तरीही.

शेवटी मधला भाग: केंद्रक

केंद्रकाचा संकेत साखळीत कोठेही असू शकतो, म्हणून तो शोधायला सर्वांत अवघड आणि खोटा सापडायला सर्वांत सोपा आहे. एसव्ही४० विषाणूच्या मोठ्या टी प्रतिजनातील पी के के के आर के व्ही हा सात अक्षरांचा संकेत १९८४ मध्ये ओळखला गेला. त्यातील दुसरे लायसिन बदलले की प्रथिन पेशीद्रवातच अडकते. दुसऱ्या प्रकारात धनभारित अमिनो आम्लांचे दोन गट सुमारे दहा अमिनो आम्लांच्या अंतराने येतात. हा संकेत इम्पोर्टिन प्रथिने ओळखतात, आणि पोचल्यावर तो कापला जात नाही. पेशीविभाजनाच्या वेळी केंद्रकपटल विरघळते आणि प्रथिनांना नंतर पुन्हा आत जावे लागते, हे लक्षात घेतले की तो का राखला जातो हे उमगते.

लायसिन आणि आर्जिनिन यांचे पुंजके अनेक प्रथिनांत केवळ आरएनएला चिकटण्यासाठी असतात. आरंभी संकेत पेप्टाइड असलेल्या प्रथिनात असा पुंजका दिसला, तर त्याला केंद्रकाचा संकेत म्हणण्याची घाई करू नये.

साधने आणि प्रयोग

आता आपले अनुमान लिहून मगच संगणकाकडे जावे. संकेत पेप्टाइडसाठी सिग्नलपी वापरावे. त्याची सहावी आवृत्ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तंतुकणिकेसाठी टार्गेटपी आणि पटलांतील पट्ट्यांसाठी डीपटीएमएचएमएम उपयोगी पडते. साधन शून्य ते एकच्या दरम्यान शक्यता देते, होकार किंवा नकार नाही. आपले अनुमान आणि साधनाचे उत्तर जुळले नाही, तर पट्ट्याची लांबी आणि उणे ३ व उणे १ ही स्थाने पुन्हा पाहावीत. मतभेद बहुतेक वेळा तेथेच असतो. संकेत पेप्टाइड नाही असे उत्तर आले, म्हणून प्रथिन पेशीबाहेर जातच नाही असेही समजू नये. इंटरल्युकिन-१ बीटा आणि एफजीएफ२ ही प्रथिने संकेत पेप्टाइडशिवाय, वेगळ्या वाटांनी बाहेर पडतात.

पुढे प्रयोग करायचा झाल्यास हिरव्या प्रकाशाने चमकून प्रथिनाचे ठिकाण दाखवणारे जीएफपी हे प्रथिन कोणत्या टोकाला जोडायचे, हा निर्णय याच वाचनावर ठरतो. संकेत आरंभी असेल तर जीएफपी शेवटी जोडावे, कारण आरंभी जोडल्यास संकेत झाकला जातो. एस के एल शेवटी असेल तर जीएफपी आरंभी जोडावे. के डी ई एल असेल तर आणखी काळजी हवी: जीएफपी संकेत पेप्टाइडच्या पुढे, कापण्याच्या जागेनंतर घालावे, म्हणजे दोन्ही टोके मोकळी राहतात. केंद्रकाच्या संकेताची चाचणी घेताना जीएफपीच्या लहान आकाराचे भान ठेवावे. ते सुमारे २७ किलोडाल्टनचे असते, आणि सुमारे ४० किलोडाल्टनपेक्षा लहान प्रथिने केंद्रकरंध्रांतून संकेताविना झिरपतात. त्यामुळे जीएफपीला जोडलेला छोटा तुकडा केंद्रकात दिसला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अशा वेळी मोठे वाहक प्रथिन निवडावे.

उत्परिवर्तन वाचताना

या सर्व वाचनाचा खरा उपयोग रुग्णाच्या जनुकीय अहवालात आरंभीच्या तुकड्यातील बदल आढळतो तेव्हा होतो. परिपक्व प्रथिनात नसलेला भाग, म्हणून असा बदल निरुपद्रवी ठरवण्याचा मोह होतो, आणि तो टाळलाच पाहिजे. बदल तीन भागांपैकी कोणत्या भागात पडतो हे आधी पाहावे. इन्सुलिनच्या २४ व्या स्थानावरील अ‍ॅलनिनच्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल आले, तर उणे १ चे स्थान बिघडते, कापणी नीट होत नाही, चुकीच्या घडीचे प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत साचते आणि नवजात अर्भकाला कायमचा मधुमेह होतो. सहाव्या स्थानावरील आर्जिनिन बदलले तर प्रवेशाची कार्यक्षमता घटते, पण मधुमेह तुलनेने सौम्य आणि उशिरा दिसतो. व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाच्या पूर्वगामीत उणे १ वरील अ‍ॅलनिनचे थ्रिओनिन झाले, तर शरीराला पाणी राखता न येणारा आनुवंशिक डायबिटिस इन्सिपिडस होतो. पॅराथायरॉइड संप्रेरकात १८ व्या स्थानावरील सिस्टीनच्या जागी आर्जिनिन आल्यास जलविरोधी पट्ट्याच्या मध्यभागी धनभार येतो, आणि त्या संप्रेरकाची आनुवंशिक उणीव उद्भवते.

सर्वांत बोलके उदाहरण यकृतातील अ‍ॅलनिन-ग्लायऑक्झिलेट अमिनोट्रान्सफरेज या विकराचे आहे. त्याचा शेवट के के एल असा असून त्याचे ठिकाण पेरॉक्सिसोम आहे. अनेक निरोगी व्यक्तींत त्याच्या ११ व्या स्थानावर प्रोलिनऐवजी ल्युसिन असते. प्रोलिन हेलिक्स मोडते, ल्युसिन मोडत नाही. त्यामुळे आरंभी तंतुकणिकेचा एक क्षीण पत्ता तयार होतो, आणि विकराचा सुमारे ५ टक्के भाग तिकडे जातो. एवढ्याने आजार होत नाही. परंतु त्याच साखळीत १७० व्या स्थानावरील ग्लायसिनचे आर्जिनिन झाले, तर विकराची घडी पडायला आणि जोडी जमायला उशीर होतो. तंतुकणिकेत शिरण्यासाठी प्रथिन उलगडलेले असावे लागते, तर पेरॉक्सिसोम घडी पडलेले प्रथिनही स्वीकारते. म्हणून या विलंबाचा लाभ क्षीण पत्त्याला मिळतो आणि सुमारे ९० टक्के विकर तंतुकणिकेत जाते. तेथे ते कार्यक्षम असते, पण ग्लायऑक्झिलेट पेरॉक्सिसोममध्ये तयार होतो. तो तसाच उरतो, त्याचे ऑक्झलेट बनते आणि मूत्रपिंडात खडे साचू लागतात. या रुग्णाच्या विकराची क्रियाशीलता परीक्षानळीत मोजली, तर ती बऱ्याच अंशी शाबूत आढळू शकते. दोष दिसण्यासाठी विकर पेशीत कोठे आहे हेच पाहावे लागते.